वाचनालयातून जाणारी पुस्तके : अडवावीत, की सोसावीत?

घाटमाथा (धागाकर्ता)

नमस्कार. सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी असलेल्या सार्वजनिक वाचनालयाचा मी गेली सहा वर्षे कार्यवाह आहे. ग्रंथसंख्या अठरा हजारांच्या आसपास, वर्षाची देवघेव साधारण एकवीस हजार, आणि ग्रंथपाल धरून सेवकवर्ग चार माणसांचा. वाचकांना थेट कपाटांपर्यंत जाऊन पुस्तक निवडता येते.

यंदाच्या मार्चमध्ये ग्रंथ पडताळणी झाली तेव्हा दाखलनोंद वहीत आहेत, पण कपाटात नाहीत, वाचकाच्या नावावर नाहीत आणि बांधणीलाही गेलेली नाहीत, अशी ६३ पुस्तके निघाली. त्यांची छापील किंमत १३,५०० रुपये होते. अहवाल वाचून कार्यकारी मंडळात दोन तट पडले. एका सदस्यांनी पुढच्याच बैठकीत दरपत्रक आणले : आठ कॅमेरे, दाराशी वाजणारी चौकट आणि प्रत्येक पुस्तकात चिकटवायची चुंबकीय पट्टी, सर्व मिळून २ लाख ४० हजार रुपये आणि वार्षिक देखभाल १८ हजार. म्हणजे नुसती देखभालच वर्षाच्या चोरीपेक्षा साडेचार हजारांनी महाग. मी हे बोलून दाखवताच ते म्हणाले, "मग चोरी चालू द्यायची का? प्रश्न पैशांचा नाही, तत्त्वाचा आहे." यावर मला त्या वेळी उत्तर सुचले नाही, आणि खरे सांगायचे तर अजूनही पुरते सुचलेले नाही.

आम्ही काहीच करून पाहिले नाही असे मात्र नाही. गेल्या वर्षी जुलैपासून पिशव्या बाहेर ठेवण्याचा नियम केला. व्हरांड्यात लाकडी मांडणी ठेवली, पत्र्याचे क्रमांकित बिल्ले करून घेतले आणि शिपायाला तिथे बसवले. तिसऱ्याच आठवड्यात एका शिक्षिकेची पिशवी कोणीतरी बदलून नेली. तिच्यात छत्री होती, जेवणाचा डबा होता आणि परत करायला आणलेली आमचीच दोन पुस्तके होती. छत्री आणि डबा वाचनालयाने भरून दिला. पुस्तके अर्थात तिच्याकडून मागता आली नाहीत. पर्स बाहेर ठेवणार नाही, असे काही भगिनींनी स्पष्ट सांगितले आणि त्यांचे म्हणणे रास्तच होते. शिपाई बिल्ल्यांत अडकल्यामुळे परत आलेली पुस्तके दोन-दोन दिवस टेबलावर पडून राहू लागली. जागेवर नसलेले पुस्तक वाचकाच्या दृष्टीने चोरीला गेल्यासारखेच असते. दिवाळीपूर्वी नियम मागे घेतला.

तेव्हा जाणकारांना विचारतो : किती नुकसान सोसावे याला काही रीत आहे का, की ज्याच्या त्याच्या स्वभावावरच ते सोडायचे?

कपाटाची_किल्ली

मी शासकीय ग्रंथालयात ३१ वर्षे नोकरी करून निवृत्त झाले आहे. तुमच्या प्रश्नाला रीत आहे, आणि ती छापील आहे. केंद्र सरकारच्या सामान्य वित्तीय नियमांत (२०१७) नियम २१५ ग्रंथालयांविषयी आहे. वर्षभरात देवघेव झालेल्या किंवा चाळल्या गेलेल्या दर हजार ग्रंथांमागे पाच ग्रंथांची घट वाजवी मानावी, असे त्यात म्हटले आहे. एक हजार रुपयांहून अधिक किमतीचा ग्रंथ किंवा किमतीचा विचार न करता कोणताही दुर्मीळ ग्रंथ हरवला, तर मात्र चौकशी केलीच पाहिजे, असेही त्यात आहे. हे नियम तुमच्या वाचनालयाला बंधनकारक नाहीत, पण मोजपट्टी म्हणून वापरायला हरकत नाही. एकवीस हजारांच्या देवघेवीला १०५ ग्रंथांची घट या हिशेबाने वाजवी ठरते. तुमची ६३ आहे.

आता त्यातली मेख सांगते. ही घट अप्रामाणिकपणामुळे किंवा हलगर्जीपणामुळे झालेली नसावी, अशी अट त्याच वाक्यात आहे. पुस्तक पाय फुटून जात नाही. कोणीतरी नेल्याशिवाय ते कपाटातून हलत नाही. मग अप्रामाणिकपणा वगळून उरलेली घट कुठली? माझ्या समजुतीप्रमाणे हा नियम चोराला माफी देण्यासाठी नसून ग्रंथपालाला झोप लागावी यासाठी आहे. हरवलेल्या पुस्तकाची किंमत ग्रंथपालाच्या पगारातून वळती होण्याची भीती आमच्या पिढीने पुरेपूर अनुभवली आहे, आणि त्या भीतीने काय होते ते मी डोळ्यांनी पाहिले आहे.

नोकरीच्या सुरुवातीला माझे जे वरिष्ठ होते, ते किल्ल्यांचा जुडगा कमरेला लावून बसत. वाचकाने चिठ्ठी लिहायची, शिपायाने ती आत न्यायची, आणि वरिष्ठांची मर्जी असेल तर कपाट उघडायचे. मर्जी नसेल तर चिठ्ठी "पुस्तक बांधणीस" असा शेरा घेऊन परत येई. त्यांच्या अकरा वर्षांच्या कारकिर्दीत एकही पुस्तक हरवले नाही आणि त्याबद्दल त्यांना प्रशस्तिपत्रही मिळाले. ते निवृत्त झाल्यावर पदभार घेताना मी कपाटे उघडली, तेव्हा खालच्या दोन कप्प्यांतली पुस्तके हातात घेताच भुगा होऊन खाली सांडली. कसर आणि वाळवी. निर्लेखनाच्या, म्हणजे वहीतून कायमचे कमी करायच्या, यादीत २०० हून अधिक ग्रंथ गेले. त्यांची वसुली कोणाकडूनही झाली नाही, कारण वाळवीने खाल्लेले पुस्तक हे नुकसान आणि वाचकाने पळवलेले पुस्तक हा गुन्हा. ग्रंथालयशास्त्रज्ञ डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या पाच सूत्रांतले पहिलेच सूत्र ग्रंथ उपयोगासाठी आहेत असे सांगते, आणि वाचकाला कपाटापर्यंत जाऊ देणाऱ्या मुक्तद्वार पद्धतीचा त्यांनी हिरिरीने पुरस्कार केला होता. सूत्रे आम्हाला तोंडपाठ होती, पण किल्ली दुसऱ्याच्या कमरेला होती.

म्हणून माझा अनुभव एवढाच आहे की नुकसान ज्याच्या माथी मारले जाते तो गरजेपेक्षा जास्त पहारा देतो, आणि त्या जास्तीच्या पहाऱ्याची किंमत दुसराच कोणीतरी मोजतो.

जमाखर्च

किल्लीताईंचा प्रतिसाद आवडला. तरीही व्यवसायाने लेखापाल असल्यामुळे हिशेबाची बाजू मांडतो. गॅरी बेकर या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १९६८ साली या प्रश्नाची पद्धतशीर मांडणी केली. गुन्ह्याने होणारे नुकसान, गुन्हेगार पकडण्याचा खर्च आणि शिक्षेचा खर्च या तिन्हींची बेरीज कमीत कमी ठेवावी, असे त्याचे सूत्र होते. गुन्हे शून्यावर आणणे हे उद्दिष्टच त्यात नाही. १९९२ साली त्याला नोबेल मिळाले तेव्हा भाषणात त्याने सांगितले की, एका विद्यार्थ्याच्या तोंडी परीक्षेला उशीर होत असताना गाडी पैसे भरून लांब लावावी, की नियम मोडून रस्त्यावरच लावून पकडले जाण्याचा धोका पत्करावा, याचा हिशेब करता करता आपल्याला हा विषय सुचला. (गाडी त्याने रस्त्यावरच लावली.)

या मांडणीतून एक स्वस्त उपाय निघतो : पहारा कमी ठेवा आणि दंड वाढवा. शंभरातला एकच सापडणार असेल, पण त्याला जबर दंड होणार असेल, तर उरलेले नव्व्याण्णव धास्तावतात. तुमच्याकडे पुस्तक हरवल्यास काय दंड आहे? छापील किमतीएवढाच असेल, तर तो दंड नव्हे, विक्री झाली.

आणि एक इशारा देतो. आज घट ६३ आहे म्हणून उद्याही ती तेवढीच राहील, असे गृहीत धरू नका. वाचनालय पहारा ठेवत नाही हे सर्वांना ठाऊक झाले की आकडा हलतो. सोसायचे असेल तर खुशाल सोसा, पण गावात दवंडी पिटू नका.

राइनकाठ

जमाखर्चराव, तुम्ही सांगता तो उपाय मी रोज पाहतो. गेली नऊ वर्षे मी जर्मनीत राहतो. येथील लोकल गाड्यांच्या आणि ट्रामच्या स्थानकांवर सरकती दारे किंवा फाटके नाहीत. कोणीही आत जाऊन गाडीत बसावे. अधूनमधून साध्या वेशातले तपासनीस चढतात आणि विनातिकीट सापडल्यास ६० युरो घेतात. पूर्वी ही रक्कम ४० होती, २०१५ साली ती वाढवली. माणूस किंवा फाटक प्रत्येक दाराशी ठेवण्यापेक्षा थोडे फुकटे सोसलेले परवडतात, असा त्यामागचा रोकडा विचार आहे. नोकरदाराच्या बाबतीत तो चालतोही. मुंबईत विनातिकीट सापडलात तर भाड्यावर किमान २५० रुपये जादा भरावे लागतात, तिथेही तत्त्व हेच.

अडचण होते ती ज्याच्याकडे ६० युरो नाहीत त्याच्या बाबतीत. विनातिकीट प्रवास हा येथे फौजदारी गुन्हा आहे. पुन्हा पुन्हा सापडणाऱ्यावर खटला होतो, न्यायालय दंड ठोठावते, आणि दंड भरला नाही तर त्याऐवजी तुरुंग. दंड इतक्या दिवसांचे उत्पन्न, अशा हिशेबात असतो; पूर्वी एका दिवसाच्या दंडाला एक दिवस तुरुंग होता, १ फेब्रुवारी २०२४ पासून दोन दिवसांच्या दंडाला एक दिवस झाला. दोन-तीन युरोंच्या तिकिटासाठी माणसाला आठवडेच्या आठवडे सरकारी खर्चाने जेवू घालायचे, हा व्यवहार कोणत्या वहीत बसतो? डिसेंबर २०२१ पासून तर येथे एक निधी चालतो, जो लोकांकडून देणग्या घेऊन अशा कैद्यांचे दंड भरतो आणि त्यांना सोडवतो. कमी पहारा आणि मोठा दंड हे कागदावर स्वस्त दिसते, कारण दंड भरलाच जाईल असे त्यात धरलेले असते.

तुमच्या तालुक्यातला पुस्तक पळवणारा हजाराचा दंड भरेल का? की तो वाचनालयाचे तोंडच पाहणार नाही आणि घरातली दुसरी पुस्तकेही परत यायची बंद होतील?

घाटमाथा

जमाखर्चराव, छापील किमतीएवढीच भरपाई घेतो. तुमचा टोला मान्य. राइनकाठ, दुसरी गोष्ट प्रत्यक्ष घडलेली आहे. विलंबशुल्काची रक्कम वाढत गेल्यामुळे लाजेने येणे सोडलेले किमान तीन वाचक मला ठाऊक आहेत.

वेबिल

माझे वडील एसटीत वाहक होते. लहान रकमेच्या मोठ्या बंदोबस्ताविषयी आमच्या घरात जेवढे ऐकले तेवढे अन्यत्र ऐकले नसेल, म्हणून लिहितो.

वाहकाला फेरीवर निघण्यापूर्वी स्वतःच्या खिशातली रोकड जाहीर करून तिची नोंद करावी लागे. वाटेत तपासणी पथक गाडी थांबवून प्रवाशांची तिकिटे, वेबिल (फेरीतल्या तिकीटविक्रीच्या हिशेबाचा कागद) आणि पिशवीतली रोकड ताडून पाही. पैसे कमी निघाले तर गुन्हा, जास्त निघाले तरी गुन्हा, कारण जास्तीचे पैसे म्हणजे कोणाला तरी तिकीट न दिल्याचा संशय. गर्दीच्या गाडीत सुट्ट्यांची ओढाताण असे, आणि एखादी आजी "राहू दे रे बाबा रुपया" म्हणून उतरून जाई. तो रुपया वडील पुढच्या थांब्यावर खिडकीतून भिकाऱ्याला देत. दानधर्म म्हणून नव्हे. तो पिशवीत सापडू नये म्हणून.

दिल्लीच्या परिवहन महामंडळातले एक प्रकरण वर्तमानपत्रांतून गाजले होते. १९७३ साली एका वाहकाने प्रवासी बाईकडून पंधरा पैसे घेऊन दहा पैशांचे तिकीट दिले, असा आरोप ठेवून त्याला पुढे बडतर्फ करण्यात आले. पाच पैशांचा अपहार. कामगार न्यायालयाने निकाल त्याच्या बाजूने दिला, महामंडळ उच्च न्यायालयात गेले, आणि २०१६ साली तेथे महामंडळाची याचिका फेटाळली गेली तेव्हा माणूस सत्तरीत होता. पाच पैशांचे नाणे दरम्यान चलनातूनही गेले होते.

हे सांगून मी महामंडळाला हसतो आहे असे कृपया समजू नका. अपहाराची रक्कम किती हा मुद्दा गौण असून विश्वासाच्या जागेवरील माणसाने तो केला हे महत्त्वाचे, अशी भूमिका सर्वोच्च न्यायालयाने वाहकांच्या प्रकरणांत वारंवार घेतलेली आहे, आणि माझ्या वडिलांनाही ती मान्य होती. "ज्याच्या गळ्यात पिशवी, त्याला सूट नाही," असे ते म्हणत. प्रवाशाने चार आणे बुडवले तर ते दुर्लक्ष करीत. सहकाऱ्याने बुडवले तर त्याच्याशी बोलणे सोडत. घाटमाथा यांच्या मंडळातील सदस्य "तत्त्वाचा प्रश्न" म्हणतात तेव्हा तत्त्व कोणाला लावायचे हे त्यांनी आधी ठरवावे. तुमचा लिपिक पावती न देता वर्गणी घेत असेल तर दहा रुपयांसाठीही चौकशी करा. वाचकाच्या बाबतीत तोच काटा लावाल, तर प्रत्येक वाचकाच्या गळ्यात पिशवी अडकवल्यासारखे होईल.

पानोपानी

आतापर्यंतचे सर्व प्रतिसाद सोसणाऱ्यांच्या बाजूने झुकलेले दिसतात, म्हणून तक्रार नोंदवते. मी स्पर्धा परीक्षेच्या तयारीची तीन वर्षे अशाच एका वाचनालयात काढली. सकाळी आठला दार उघडायच्या आधी आम्ही पायरीवर असू, कारण भूगोलाच्या एका संदर्भग्रंथाची प्रत एकच होती. एकदा दहा दिवस वाट पाहून ते माझ्या हातात आले, आणि महाराष्ट्राच्या नदीखोऱ्यांचे प्रकरण त्यात नव्हतेच. पाने फाडलेलीही नव्हती. पट्टी धरून ब्लेडने इतकी नेटकी कापली होती की बांधणीजवळ केसाएवढी कड उरली होती, आणि ती बोटाला लागल्यावरच कळले. १३६ नंतर थेट १६१ वे पान. नवी प्रत घेण्यासारखे पैसे माझ्याकडे असते तर मी पायरीवर बसलेच नसते.

हे पुस्तक तुमच्या ६३ मध्ये येत नाही. पडताळणीत ते "आहे" म्हणूनच मोजले जाते. एकवीस हजारांत त्रेसष्ट हे प्रमाण वाचनालयाच्या बाजूने पाहिल्यावर किरकोळ वाटते, पण नुकसान एकवीस हजारांत सारखे वाटले जात नाही. जे पुस्तक सर्वांना हवे असते तेच जाते, आणि ते ज्यांना विकत घेणे जमत नाही त्यांच्याच वाट्याचे जाते. कार्यकारी मंडळातील प्रतिष्ठित मंडळींनी उदार मनाने सोसायचे ठरवले, तरी सोसणारी माणसे पायरीवर बसलेली असतात. कॅमेरे लावाच असे मी म्हणत नाही, पण "चालायचेच" असेही म्हणू नका.

कपाटाची_किल्ली

पानोपानी, तुमचे म्हणणे बिनतोड आहे. मी वर जे लिहिले त्यात हा भाग राहिला होता. कापलेली पाने आमच्याकडेही कधी मोजली गेली नाहीत, कारण मोजायची तर प्रत्येक पुस्तक पानन् पान उलटावे लागते.

जमाखर्च

म्हणजे नुकसान पुस्तकांच्या संख्येत न मोजता वाट पाहणाऱ्यांच्या दिवसांत मोजले पाहिजे. हे माझ्या तक्त्यात नव्हते. घाटमाथा, त्या ६३ पुस्तकांची विषयवार फोड कराल का?

घाटमाथा

उत्तराला तीन आठवडे लागले याबद्दल क्षमस्व. फोड केली. पानोपानींचा अंदाज खरा निघाला : ६३ पैकी ३१ स्पर्धा परीक्षांची, १४ बालविभागातली, बाकी कादंबऱ्या, पाककृती आणि आरोग्य. आणि एक पुस्तक असे, ज्याची दाखलनोंद वहीतली किंमत आहे दीड रुपया : आमच्याच गावातल्या बंद पडलेल्या छापखान्यात छापलेली, गावच्या देवस्थानाची माहिती देणारी ६४ पानांची पुस्तिका. तिची दुसरी प्रत कोठे आहे हे आम्हाला ठाऊक नाही. साडेतेरा हजारांच्या हिशेबात ती दीड रुपयानेच धरलेली होती. मी स्वतः तो हिशेब केला होता आणि माझ्या ते लक्षात आले नाही.

बैठक झाली. कॅमेऱ्यांचा ठराव पाचास चार मतांनी फेटाळला गेला. स्पर्धा परीक्षेच्या ज्या पुस्तकांना जास्त मागणी आहे त्यांच्या आणखी प्रती घ्यायच्या, आणि एक प्रत ग्रंथपालांच्या टेबलाशेजारीच बसून वाचायची, असे ठरले. दुर्मीळ अशा दोनशेएक ग्रंथांना कुलूपबंद कपाट आणि वर्षातून दोनदा डांबरगोळ्या व झाडलोट (किल्लीताई, हे तुमच्यामुळे). बालविभागाकडे कोणीही पाहायचे नाही. ग्रंथपालांचे शब्द असे की मूल पुस्तक घेऊन पळाले तर त्याच्या मागे धावायची त्यांची तयारी नाही. तत्त्वाचा प्रश्न काढणारे सदस्य या कलमावर नाराज होते, पण वेबिल यांचा प्रतिसाद त्यांना छापून दिल्यावर त्यांनी लिपिकाच्या पावतीपुस्तकांची तपासणी स्वतःकडे घेतली आणि बाकीचा आग्रह सोडला.

याशिवाय महिनाभर व्हरांड्यात एक रिकामी पेटी ठेवली. नाव नको, दंड नको, पुस्तक टाकावे आणि जावे. पेटीत नऊ पुस्तके आली. त्यांतली सहा त्रेसष्टांपैकी आहेत. दोन इतकी जुनी की त्यांचे निर्लेखन होऊनही बारा वर्षे झाली. ती पुन्हा दाखल कशी करायची यावर लिपिक आणि ग्रंथपाल यांचा वाद चालू आहे. देवस्थानाची पुस्तिका आली नाही.

नववे पुस्तक आमचे नाहीच. त्यावर शेजारच्या तालुक्यातील वाचनालयाचा शिक्का आहे, शेवटची देवघेव १९८४ सालची आणि छापील किंमत बारा रुपये. ते पोचते करावे असे एकमताने ठरले आहे. टपालखर्च बारा रुपयांच्या कितीतरी पट येतो, आणि तो कोणत्या शीर्षाखाली टाकायचा हे खजिनदारांनी मला विचारले आहे. जमाखर्चराव, काही सुचवाल का?

जमाखर्च

किरकोळ खर्च. माझ्या गावाला जायचा रस्ता तिकडूनच आहे, शनिवारी वाटेत थांबतो; पुस्तक तयार ठेवा.